तुळजाबाईंचा रुसवा

भोकरदन तालुक्यात लग्नं जमवणारे पुष्कळ होते. लग्न अडवण्यात मात्र तुळजाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. भावकीतल्या प्रत्येक लग्नात त्या रुसल्या होत्या. कधी लुगड्याच्या काठावरून, कधी फोटोत मागे उभं केलं म्हणून, आणि एकदा तर कारणच आठवेना म्हणून जरा जास्त. त्यांच्या माहेरी, धावड्याला, रीत अशी की आत्याचा मान झाल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, आणि आत्या रुसली तर हातापाया पडून तिला उठवायचं. गावचे भटजी त्या घरचा मुहूर्त सांगतानाच रुसव्याचा वेळ धरून सांगत.

त्या दिवशी भाऊ कडूबाच्या मुलीच्या, आकांक्षाच्या लग्नाला बसमधून उतरल्या तेव्हा मात्र त्या न रुसण्याचं ठरवून आल्या होत्या. वय झालं, गुडघे ऐकत नाहीत. पण फाट्यावर दोघी त्यांची वाट बघत उभ्या होत्या: शिवणकाम करणारी मैमूना आणि तिच्या दुसऱ्या मशीनवर बसणारी तृप्ती.

तृप्तीला मागे एका मध्यस्थाने परमुलखात लग्न लावून दिलं होतं. ते लग्न नव्हतंच, सौदा होता. पोलिसांनी तिला सोडवून आणलं, तेव्हा गावाने दारं लावून तिचं स्वागत केलं. ना हळदीकुंकवाला बोलावणं, ना बारशाला. मैमूनाने तेवढं तिला कामावर घेतलं. गिऱ्हाईक तुटेल असं कोणी म्हणालं की मैमूना म्हणायची, "मंग भोकरदनला जाऊन शिवा ब्लाउज."

"आत्या," तृप्ती म्हणाली, "आकांक्षाचं जमवणारा हा बबलूभाऊ हाय ना, मला नेऊन इकलं ते यानंच. तव्हा मिशी होती. नाव बी दुसरं होतं."

"कडूबाला सांगितलं?"

"सांगाया गेल्ते. दारातूनच हाकललं मला."

"पोरगी सतरा वर्षांची हाय, आक्का," मैमूना म्हणाली. "मी पोरांच्या मदतीचा जो नंबर हाय, १०९८, त्याला फोन लावला. पोलिसांची गाडी निघाली म्हणे, पण टाइम लागंल. अक्षता पडल्या की हे लोक पोरीला तसंच गाडीत घालून नेतील. सगळी जल्दीच जल्दी चाललीय."

"गाडी येईस्तोवर लग्न अडवायचं, एवढंच ना?" तुळजाबाई म्हणाल्या. येताना कोथिंबीर आणायची एवढंच ना, असा सूर होता.

आधी त्यांनी शहाण्या माणसासारखं भावाला सांगून पाहिलं. कडूबा म्हणाला, "आक्का, हुंडा न्हाई, खर्चा सगळा त्यांचा. असा सोयरा कुठं भेटतो? अन् त्या तृप्तीचं काय ऐकायचं?"

शहाण्या माणसाचं धावड्यात इतपतच ऐकलं जातं. तुळजाबाईंनी मान डोलावली, नवरी बसली होती त्या खोलीच्या दारात गेल्या, दार अडवून बसल्या आणि रुसल्या.

मंडप जागच्या जागी थांबला. रुसलेल्या आत्याला ओलांडून नवरी बाहेर येत नाही.

"आता काय झालं, आक्का?" कडूबाने विचारलं.

"काही न्हाई."

'काही न्हाई' म्हणजे प्रकरण मोठं आहे, हे त्याने अनुभवाने ओळखलं. त्याने लुगडं आणलं. काठ बारीक निघाला. रुंद काठाचं आणलं. रंग म्हाताऱ्या बायांचा निघाला. मग भावकीतले वडीलधारे कारभारी आले आणि त्यांनी टोपी काढून तुळजाबाईंच्या पायाशी ठेवली.

"टोपी घाला, भाऊ. ऊन हाय," तुळजाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या.

मागून आकांक्षाने त्यांच्या पाठीशी हळूच उशी सरकवली. "आत्या, उठू नको. मला बारावी करायचीय."

"गप बस. मी रुसून राह्यले."

बबलूभाऊ केव्हाचा घड्याळ बघत होता. धंद्यात त्याने बापांना गुंडाळलं होतं, पोलिसांना चुकवलं होतं. आत्या कधी भेटली नव्हती. शेवटी तो गर्दीतून पुढे घुसला आणि खिशातून नोटांची गड्डी काढून त्याने तुळजाबाईंच्या ओटीत टाकली. "मावशी, हे घ्या अन् उठा. आमाला लांब जायचंय."

तिथेच तो चुकला. धावड्यात रुसव्यापुढे पदर पसरतात, टोपी ठेवतात, अगदीच गरज पडली तर रडतात. पैसे कोणी टाकत नाही. तुळजाबाईंनी गड्डी दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवली, मेलेला उंदीर ठेवावा तशी. कारभाऱ्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आणि टोपीखाली त्यांचं डोकं चालायला लागलं.

"पाव्हणं, हुंडा घेईनात, खर्चा तुमचा, अन् वर आत्याला बी देऊन राह्यले. एवढी कशाची घाई?"

"अन् विहीण कुठाय?" तुळजाबाईंनी विचारलं. "नवरदेवाची आई न्हाई, बहीण न्हाई. मी एवढी रुसले, तर माझ्याशी भांडायला तिकडची एक बाई न्हाई. असलं लग्न मी तरी पाह्यलं न्हाई."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"मी उठते," तुळजाबाई म्हणाल्या. "पण कुंकू मला तृप्तीनं लावायचं. इथं, सगळ्यांदेखत. अन् तिला बोलवायला कडूबानं जायचं."

ज्या दारातून कडूबाने तिला हाकललं होतं, त्याच दारातून तो तिला घेऊन आला. रीत म्हणजे रीत. मागे मैमूना होती. घाईत हातातली कात्री ठेवायची राहिली असावी, किंवा नसावीही. तृप्तीने करंडा उघडला. कुंकवाचं बोट तिने बरोबर कपाळाच्या मध्यावर टेकवलं. कुंकू लावून झालं आणि ती वळली.

"बबलूभाऊ, मिशी काढली म्हणून मी वळखणार न्हाई, असं वाटलं का?"

"कोण ही? मी हिला पाह्यलं बी न्हाई," बबलूभाऊ म्हणाला आणि चपला शोधू लागला. लग्नाच्या मंडपात स्वतःच्या चपला वेळेवर सापडत नाहीत. तो अनवाणीच गाडीत जाऊन बसला. पण कडूबा एव्हाना गाडीपुढे मांडी घालून बसला होता. घराण्यात ते होतंच.

"मामा, सरका बाजूला," ड्रायव्हर म्हणाला.

"मी रुसलोय," कडूबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. बघता बघता त्याच्या शेजारी कारभारी बसले, मग अर्धं गाव बसलं.

पोलिसांची गाडी आली ती या बैठकीसमोरच. बबलूभाऊला नेलं, नवरदेवाला मुंडावळ्यांसकट नेलं. जबाब कोण देणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा बबलूभाऊ खिडकीतून तृप्तीकडे रोखून बघत होता. तिने नजर हटवली नाही.

"मी देणार. माझ्या बाबतीतला बी अन् आकांक्षाच्या बी."

"मी येते संगं," मैमूना म्हणाली. "दुकान आज बंद."

"आधी जेवून घ्या," तुळजाबाई म्हणाल्या. "स्वयंपाकानं काय घोडं मारलंय."

पंगत बसली. तुळजाबाईंनी तृप्तीला मधोमध बसवलं आणि पहिलं वाढणं कडूबाच्या हातून तिच्या पत्रावळीवर घालायला लावलं. शेजारच्या बेबीनंदाने आपली पत्रावळ हळूच उचलली आणि ती पलीकडे सरकू लागली.

"बेबीनंदा," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या पोरीचं लग्न पुढच्या साली हाय ना?"

"हाय, आत्या."

"त्या लग्नात मी आत्तापासूनच रुसले."

बेबीनंदा जागच्या जागी थांबली. लेकीचा मंडप तिच्या डोळ्यांपुढून गेला असावा. तिने पत्रावळ होती तिथे परत ठेवली आणि मांडी घातली.

तृप्तीने वाढप्याकडे मान वर करून पाहिलं. "वरण अजून घाला," ती म्हणाली. "अन् बेबीनंदाकाकूलाबी."