मचाण सोडल्यावर

या वर्षी झाडावर चढणार नाही, असा शब्द व्हर्लिन टोस्ट्रुडने बायकोला दिला होता. दिला तेव्हा तो इस्पितळाच्या खाटेवर पडलेला होता, कमरेच्या हाडात दोन स्क्रू होते आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. मागल्या नोव्हेंबरात मचाणाच्या शिडीची एक पायरी गोठून निसरडी झाली होती, निमित्त एवढंच. "एक तर शिकार सोड, नाहीतर मचाण सोड," आर्डिस म्हणाली. त्याने मचाण सोडलं.

तेवढ्यावर आर्डिसचं समाधान झालं नाही. तिने मिनियापोलिसला फोन करून मुलीला बोलावून घेतलं. मारेन चौतीस वर्षांची. लहानपणी बापाबरोबर शिकारीच्या हंगामाला यायची, पण गेल्या बारा वर्षांत तिने बंदुकीला हात लावला नव्हता. "तू काही मारू नकोस," आर्डिसने तिला सांगितलं, "त्याच्या आसपास बस म्हणजे झालं. पडला तर उचलायला कुणीतरी हवं."

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे जंगलातल्या झोपडीत तिघं कॉफी पीत होते. तिसरा मायलो पेसेक, आर्डिसचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चौसष्टचा.

"जमिनीवर बसून हरिण मारणार?" मायलो म्हणाला. "मग बंदूक कशाला नेतोस? जवळ आलं की कानाला धरून आण."

"हसून घे," व्हर्लिन म्हणाला.

"हसत नाहीये रे. मला त्या हरणाची काळजी वाटते. समोर तुझा चेहरा बघून बिचारं जागच्या जागी मरायचं."

"मामा, पुरे ना," मारेन म्हणाली. "आधीच रात्रभर कूस बदलत होता तो."

"तुला कसं कळलं?" व्हर्लिनने विचारलं.

"बाबा, तुझी खाट कुरकुरते. सगळ्या विस्कॉन्सिनला कळलं असेल."

उजाडायच्या आत तिघं आपापल्या जागी निघाले. या जागा कधी कुणी ठरवल्या नव्हत्या, त्या वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरल्या होत्या. दलदलीच्या काठाला सीडरचं एक मोठं झाड मुळासकट उलथून पडलेलं होतं. त्याची मुळं मातीसकट भिंतीसारखी उभी राहिली होती. त्या भिंतीला पाठ लावून मायलो एकतीस वर्षं बसत आला होता. तिथे वारा लागत नाही. म्हणून या वर्षी त्याने ती जागा भाचीला दिली आणि स्वतः ओढ्यापलीकडे गेला. सीडरच्या मुळांपासून अडीचशे पावलांवर व्हर्लिनचा ओक. मधे झुडपं होती, त्यामुळे एकमेकांची जागा दिसत नसे. व्हर्लिनही एकतीस वर्षं तिथेच बसत होता. फरक इतकाच, की आज तो ओकवर नव्हता, ओकच्या बुंध्याशी तीन पायांच्या बुटक्या स्टुलावर बसला होता, आणि मचाण त्याच्या डोक्यावर पंधरा फुटांवर रिकामं होतं.

खालून जंगल वेगळंच दिसत होतं. वरून त्याला हरणांच्या वाटा कशा नकाशासारख्या दिसायच्या. आता समोर नुसत्या काटक्या होत्या. पुढ्यात फांद्यांचा ढीग रचून त्याने आडोसा केला होता, पण आपण उघड्यावर बसलोय असंच त्याला वाटत राहिलं. वर असताना माणसाचा वास वाऱ्यावर निघून जातो. इथे तो कमरेएवढ्या उंचीवर पसरणार. वर असताना नाक खाजवता येतं. इथे पापणी हलली तरी समोरच्याला दिसणार. कमर ठणकत होती, पण बसल्या जागी हलायची सोय नव्हती. एवढ्या वर्षांची सवय सत्त्याऐंशीव्या वर्षी मोडली असती तर एक वेळ ठीक. पण तो सत्तरीचाही नव्हता, आणि आपलं सगळं संपलं असं त्याला मनोमन वाटत होतं. आज काहीच मिळालं नाही तर मायलो पुढची दहा वर्षं तोंड बंद ठेवणार नाही, हे वेगळंच.

साडेसातच्या सुमारास मादी आली. तिच्यामागे, नाक जमिनीला लावून, नर. आठ टोकांची शिंगं.

इतक्या खालून त्याने कधी नर पाहिला नव्हता. वरून हरणाची पाठ दिसते. इथे डोळे दिसत होते. मादी थबकली आणि सरळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याने श्वास धरला. तिने एकदा पाय आपटला, मग दुसऱ्यांदा. आता उधळणार. नर साठ पावलांवर आडवा उभा होता. व्हर्लिनने बंदूक खांद्याला लावली, इतक्या वर्षांच्या सवयीने पाठीच्या जरा खाली, उंचावर नेम धरला आणि चाप ओढला.

दोघं पांढऱ्या शेपट्या उडवत नाहीशी झाली. हाताने आपसूक खटका मागे ओढून नवीन काडतूस आत ढकललं.

मग त्याच्या लक्षात आलं, की एक आवाज आलाच नाही.

मचाणावरून मारलेली गोळी खाली जाते. लागली तरी जमिनीत, चुकली तरी जमिनीत. बार झाल्यावर लगेच मातीचा एक थप्प ऐकू येतो. आज थप्प झाला नाही. गोळीचा आवाज नुसता पुढे जात राहिला, झुडपांतून, पलीकडे, दलदलीच्या दिशेला.

पलीकडे मारेन होती.

त्याने एकदा डोळे मिटून वरून दिसणारं जंगल आठवलं. ओक, साठ पावलांवर हरणांची वाट, मग झुडपं, मग सीडरची मुळं. एका रेषेत. एकतीस वर्षं तो मायलोच्या दिशेने गोळ्या झाडत आला होता आणि त्यात काही वावगं नव्हतं, कारण प्रत्येक गोळी मायलोच्या दोनशे पावलं अलीकडे मातीत शिरत होती. व्हर्लिन खाली उतरला, की बाकीच्यांनी जागा बदलायला हव्यात, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

फोन काढला. खोलगटात सिग्नल नव्हता, तिथे तो कधीच नसायचा.

बार झाल्यावर अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही, हा नियम त्यानेच मारेनला दहाव्या वर्षी शिकवला होता. जखमी हरिण आवाजाने उठतं आणि कोसभर पळतं. ती नियम पाळत असेल, म्हणूनच गप्प असेल. असंच असेल.

"मारेन!"

आवाज फाटला. पुन्हा ओरडला. एक कावळा उडाला, बाकी काही नाही.

तो उठला. स्टूल कलंडलं. कमरेतून कळ गेली, पण तो चालत राहिला, एक पाय ओढत, घोट्याएवढ्या बर्फातून. नर उभा होता तिथे पोचल्यावर त्याने खाली पाहिलं. रक्ताचा थेंब नाही. केस नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्याने देवाकडे रक्त मागितलं. त्या हरणाचं, निदान एवढं तरी, म्हणजे गोळी कशात तरी अडली असेल. बर्फ स्वच्छ होता. वरून मारताना उंच नेम धरायचा असतो. खालून तोच नेम हरणाच्या पाठीवरून निघून जातो.

वीस पावलांवर एका झुडपाची फांदी तुटून लोंबत होती. आतलं लाकूड ओलं, पांढरं. ती त्याच्या छातीच्या उंचीला होती.

"मारेन! अगं, बोल ना!"

आता तो जवळजवळ धावत होता. आर्डिसला काय सांगायचं, हा विचार डोक्यात आला आणि त्याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली. झुडपं संपली. मुळांची काळी भिंत दिसली. भिंतीपुढे बर्फात केशरी जाकीट पालथं पडलेलं होतं.

त्याचे पाय थांबले. पुढे जायचं होतं, पण पाय थांबले.

"बाबा," जाकिटातून आवाज आला, एकदम हलका. "तू आहेस का?"

"हो! हो गं! लागलंय का? कुठे लागलंय?"

"आधी बंदूक खाली ठेव."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बंदूक हातातच होती. इतका वेळ त्याने ती हातात धरूनच आणली होती, आत काडतूस घातलेली, आणि आता तिची नळी बर्फात पडलेल्या त्या केशरी पाठीकडे होती. त्याने नळी बाजूला वळवली. काडतुसं काढताना दोन बर्फात सांडली. मग बंदूक खाली ठेवून तो चार पावलं मागे सरला.

"ठेवली."

मारेन उठून बसली. चेहऱ्याला बर्फ, केसांत माती. तिने मागे बोट दाखवलं. मुळांच्या मातीत एक ताजं भोक होतं. ती पाठ टेकून बसली होती तिथून वीतभर वर.

"मी ओरडत होतो," व्हर्लिन म्हणाला. "ऐकू नाही आलं तुला?"

"आलं."

"मग ओ का नाही दिलीस?"

"उठले, हलले, आणि तुला वाटलं हरिणच हललं, तर?" ती म्हणाली.

तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना. शेवटी तिनेच त्याची बाही धरली आणि घट्ट धरून ठेवली.

थोड्या वेळाने ओढ्याच्या बाजूने मायलो आला, हातात उघडा चाकू नाचवत. नेम चुकला की शर्टाचा घोळ कापून झोपडीच्या भिंतीला ठोकायचा, ही या मंडळींची जुनी रीत.

"एक बार आणि मग बोंबाबोंब!" तो लांबूनच म्हणाला. "चुकलास ना? काढ शर्ट बाहेर! अरे, जमिनीवरून जमायचं नाही म्हणून मी सकाळीच–"

मग त्याला मारेनचा चेहरा दिसला. मग मातीतलं भोक. तो भोकाजवळ गेला, चाकू मिटून खिशात टाकला आणि त्या भोकात करंगळी घातली. करंगळी सगळीच्या सगळी आत गेली.

"मी इथेच डोकं टेकून झोपायचो," तो म्हणाला. "जागा मी दिली गं तुला."

"गोळी मी मारली," व्हर्लिन म्हणाला.

मायलोने बर्फातली बंदूक उचलली, ती रिकामी आहे हे दोनदा पाहिलं आणि आपल्या खांद्याला अडकवली.

"आईला सांगायचं नाही," मारेन म्हणाली. "तिला झेपणार नाही."

"सांगणार," व्हर्लिन म्हणाला. "आजच. तू गाडीत बस, मी आत जाऊन सांगतो."

"ती तुला परत इथे पाऊल टाकू देणार नाही, बाबा."

"माहीत आहे."

झोपडीकडे जाणारी पायवाट अरुंद होती, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. मायलो पुढे निघाला. व्हर्लिन बाजूला होऊन मुलीसाठी थांबला. मारेन पायवाटेपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

"अगं, बंदूक मायलोकडे आहे. रिकामी आहे."

"माहितीये. तरी तू हो पुढे. प्लीज."

तो पुढे झाला. मागे वळून पाहायचं नाही असं त्याने ठरवलं. पाठीमागे तिची पावलं बर्फात वाजत होती; ती थांबली की तोही थांबायचा, आणि पुन्हा वाजायला लागेपर्यंत, हात शरीरापासून जरा लांब धरून, तसाच उभा राहायचा.