खालचा उजवा कोपरा

पावणेनऊला मावशी नव्या पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, कोपऱ्यातले चौघे कुठं गेले?"

मावशी म्हणजे आईच्या टेबलाला टेबल लावून सतरा वर्षं बसलेल्या बाई; सख्ख्या नव्हेत. संस्था लहान: सहा माणसं, दोन खोल्या, एक टेम्पो. ज्यांना घरी श्वासासाठी यंत्र लागतं त्यांना ते वापरायला द्यायचं आणि रोज सकाळी फोन करून विचारपूस करायची. विचारपूस आईकडे होती. तीन महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून मावशींकडे.

मी संगणकांची कामं करते. तिथले जुने संगणक एकेक करून माना टाकत होते, म्हणून थिन क्लायंट बसवून देते म्हटलं. आतल्या खोलीत एक दणकट सर्व्हर, आणि प्रत्येक टेबलावर डब्याएवढी पेटी. पेटीच्या पोटात काही नसतं, ती फक्त सर्व्हरवरचं दाखवते. शनिवार-रविवार खपून तारा ओढल्या. आईच्या संगणकावर त्रेसष्ट घरांच्या त्रेसष्ट फाइली होत्या, नावं तिच्या पद्धतीची: 'तिसरा मजला लिफ्ट नाही', 'बोलक्या बाई', 'मास्तर, ऐकू कमी'. त्या सर्व्हरवर नेल्या, दोनदा मोजल्या आणि मग जुनी डिस्क पुसून टाकली. पुसण्याआधी थोडा वेळ बसून राहिले होते. त्याचा कामाशी संबंध नव्हता.

"सगळ्या आहेत, मावशी. अकारविल्हे लावल्यात."

"लावल्यास गं छान. पण कोपऱ्यात नाहीत ना."

आईच्या पडद्यावर फाइली कशाही पसरलेल्या असायच्या. मी त्याला पसारा समजले होते. मावशींनी सांगितलं तेव्हा कळलं की खालच्या उजव्या कोपऱ्यात चार फाइली मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या होत्या. वीज गेली की यंत्र बंद पडतं आणि ऑक्सिजनचा सिलिंडर जोडावा लागतो. ज्यांना तो स्वतःच्या हाताने जोडता येत नाही आणि घरात दुसरं कोणी नाही, असे ते चौघे. वीज जायच्या आधी ड्रायव्हरमामा जाऊन जोडून यायचे.

आज दहा ते दोन सगळ्या भागात वीज बंद राहणार होती. तशी सूचना दारावर चिकटवलेली होती. मी स्वतः ती तीनदा वाचली होती, सर्व्हरच्या काळजीने.

"कोण ते आठवतंय का?"

"मी नावं कुठं पाठ केली? कोपरा पाठ केला." मावशींचा आवाज बारीक झाला. "वीज तरी या तीन महिन्यांत एकदाच गेली."

मामा किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. "मला पत्ते द्या, मी सुटतो. त्रेसष्ट घरं फिरवलीत तर टेम्पोलाच सिलिंडर लावावा लागेल."

"तुम्हाला घरं आठवत नाहीत?" मी विचारलं.

"रोज वीस घरांच्या पायऱ्या चढतो, ताई. तुझी आई चिठ्ठी द्यायची, मी जायचो."

डिस्क पुसलेली. मग आठवलं, तारा काढण्याआधी मी प्रत्येक टेबलाचा फोटो काढते, कुठली तार कुठे होती ते कळावं म्हणून. आईच्या टेबलाचा फोटो उघडला. तिचा पडदा चालू होता. मोठा करून पाहिला: 'मास्तर, ऐकू कमी'. 'गल्लीच्या तोंडाशी'. 'मांजरवाले काका'. चौथ्या फाइलीवर आईचा चष्मा होता. पडद्याच्या कडेला दोरीने अडकवलेला, तीन महिने कोणी न काढलेला. मीही काढला नव्हता.

मामा तीन पत्ते घेऊन निघाले. नऊ वाजून पाच.

राहिली साठ घरं. मी धरून आम्ही सहा जणं. परवापर्यंत या फाइली एकाच टेबलावर उघडत होत्या. आता सहाही पडद्यांवर तीच यादी होती. दहा-दहा वाटून घेतली आणि ज्याने त्याने आपला फोन उचलला. खोलीभर एकच प्रश्न ऐकू येऊ लागला: "सिलिंडर तुमचा तुम्हाला जोडता येतो का? घरात कोण आहे?" कोणाची सून होती, कोणाचा भाऊ. बोलक्या बाई मावशींच्या वाट्याला आल्या. "हो हो, गुडघ्याचं उद्या सांगा," मावशी म्हणत होत्या.

माझी सातवी फाइल 'गॅलरीतल्या ताई'. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"मावशी, आई किती वेळ वाजू द्यायची?"

"उचलेपर्यंत."

तिसऱ्या वेळी उचलला. आधी नुसता श्वास, मग आवाज. "आले हो. गॅलरीतून यायला वेळ लागतो."

मी प्रश्न विचारला.

"हात थरथरतात ना माझे. तुमचे मामाच जोडतात येऊन." मग म्हणाल्या, "आज जाणार आहे का वीज? मला कोणी सांगितलं नाही."

नऊ अडतीस. मामांना पत्ता कळवला. 'वाटेत रस्ता खणलाय, बघतो', एवढंच उत्तर आलं. नऊ पंचावन्नपर्यंत पुढचा निरोप नाही. नऊ अठ्ठावन्नला मामांचा एका शब्दाचा निरोप आला: जोडला.

दहाला वीज गेली. सहाही पडदे एकदम काळे झाले. आतल्या खोलीत सर्व्हर बॅटरीवर आला आणि टुंकटुंक करू लागला. त्याच्याजवळ वीसेक मिनिटं होती. मी तिथल्याच पडद्यावर चार फाइली उघडून प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत लिहिलं: स्वतः सिलिंडर जोडू शकत नाहीत, एकटे. आईने हे कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. लिहायचं कशाला, ती दुसऱ्या दिवशी येणारच होती.

मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाकीच्या एकोणसाठांचंही लिही," त्या म्हणाल्या. "विचारलंय ना आत्ता सगळ्यांना. रिकामं ठेवू नकोस."

त्या सगळ्यांच्या कागदांवरून एकेक घर वाचू लागल्या आणि बॅटरी होती तोवर मी लिहीत गेले.