वाकडी खुर्ची

त्या ऑफिसातल्या एका खुर्चीवर कुणी आपणहून बसत नसे. तिचा मागचा एक पाय आखूड होता, म्हणून ती वाकडी खुर्ची. ऑफिस म्हणजे तरी काय, चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पण तिथे लिहिलेली निवेदनं थेट कायदे करणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पडत. समलिंगी माणसं, ट्रान्स माणसं, अशा सगळ्यांना नियमांत जागा मिळावी म्हणून ही मंडळी झटत होती. कुठल्याही समितीसमोर जायचं, की आधी तालीम. एकानं बाजू मांडायची आणि दुसऱ्यानं वाकड्या खुर्चीत बसून तिची चिरफाड करायची. अट एकच: विरोधकाची नक्कल करायची नाही. ज्याला मनापासून पटत नाही अशा भल्या माणसासारखं विचारायचं.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात भलेभले त्या खुर्चीत बसले की खलनायकासारखे डोळे वटारत आणि तालमीचा तमाशा होई.

मग वकीलबाई आली. हे तिचं आईनं ठेवलेलं नाव, कारण लहानपणापासून तोंडाला तोंड द्यायची खोड. आता ती कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि विद्यार्थ्यांसाठीच्या फेलोशिपवर सहा महिन्यांसाठी इथे आली होती. नव्या पोरीची गंमत करावी म्हणून तिला वाकड्या खुर्चीत बसवलं, आणि गंमत करणाऱ्यांचीच बोलती बंद झाली.

विषय रुग्णालयांच्या नियमाचा होता. पेशंटजवळ बसायचं, त्याच्यासाठी सही करायची, तर नातं रक्ताचं हवं नाहीतर लग्नाचं. ऑफिसचं म्हणणं असं, की पेशंटनं ज्याचं नाव दिलं असेल तो माणूस चालला पाहिजे.

"मान्य," वकीलबाई खुर्चीतून म्हणाली होती, "पण जिनं जन्म दिला, आजारपणं काढली, तिला बाहेर बाकावर बसवायचं आणि काल भेटलेल्या माणसाला आत न्यायचं? त्या आईनं कुठे जायचं, तेवढं सांगा."

ताईनं हातातलं पेन खाली ठेवलं. ताई म्हणजे संस्थेची प्रमुख. या कामात केस पांढरे केलेली बाई. "कुठून आणतेस गं असले प्रश्न?" तिनं विचारलं.

"सुचतात," वकीलबाई म्हणाली.

कसले सुचतात! ते सगळे तिच्या आईचे होते. आई मोठ्या रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज सिस्टर. तो नियम दारात उभं राहून पाळायला लावायचं काम तिचंच. घरी आली की चपला काढता काढता सुरू व्हायची, "दिवसभर एकच पालुपद. सिस्टर, आत बसू देता का? सिस्टर, मला आत बसू देता का? अरे, घरची माणसं कुठायत तुमची?" वकीलबाईनं तो आवाज, ती कमरेवरची मूठ, सगळं उचललं होतं. ऑफिसात तिला लाडानं 'विरोधी पक्ष' म्हणू लागले. तिलाही ते आवडायला लागलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. घरी आईपुढे गप्प बसायचं आणि इथे आई होऊन सगळ्यांना गप्प करायचं, यात एक सुख होतं, जरा कडवट.

घरी गप्प बसण्याचं कारण होती गुंडी. गुंडी तिच्याच कॉलेजात शिकायची. एकदा वादस्पर्धेच्या ऐन वेळी वकीलबाईच्या कोटाची गुंडी तुटली आणि हिनं ती उभ्या उभ्या शिवून दिली. तेव्हापासून हे नाव आणि तेव्हापासूनच बाकीचं सगळं. ऑफिसात सर्वांना ठाऊक होतं. आईला एवढंच ठाऊक होतं, की गुंडी ही लेकीची मैत्रीण, जेवायला येते आणि भांडी घासू लागते. फेलोशिपबद्दल विचारलं तर वकीलबाई सांगे, "रुग्णालयांच्या नियमांचं काम आहे." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

या नियमावरची समितीची सुनावणी सोमवारवर आली. विद्यार्थ्यांसाठी पाच मिनिटं मिळाली होती आणि ती ताईनं वकीलबाईला दिली. कुठल्या विद्यार्थ्याला असली संधी रोज मिळते? पण सुनावणी टीव्हीवर थेट दिसणार होती, आणि ताईचा एक नियम होता. ज्याच्या घरी माहीत नाही त्याला ती माईकसमोर उभं करत नसे.

"घरी माहीत आहे ना?" ताईनं विचारलं.

"आहे," वकीलबाई म्हणाली. जीभ जराही चाचरली नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटलं.

म्हणजे आता हातात फक्त रविवार होता. सांगावं, नाहीतर पाच मिनिटं सोडावीत. तिसरा रस्ता म्हणजे आईला वॉर्डातल्या टीव्हीवरून कळू देणं, आणि तो तिला घ्यायचा नव्हता. घरात दोघीच होत्या. बाबा गेल्यापासून आईला भांडायलाही तीच आणि गप्पांनाही तीच.

रविवारी दुपारी आई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. वकीलबाई म्हणाली, "आई, उद्या समितीपुढे बोलायचंय. तू जरा अध्यक्ष होतेस? कसून विचार हं."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत आईनं इस्त्री बंद केली आणि खुर्ची ओढून अशी काही बसली, की अध्यक्षपद पिढीजात असावं. "हं. बोला बाई."

वकीलबाई बोलली. निवेदन तिला तोंडपाठ होतं. 'समलिंगी जोडीदार' हे शब्द आले तेव्हा आईच्या भुवया जरा हलल्या, इतकंच. आता ती 'त्या आईनं कुठे जायचं' विचारणार, हे वकीलबाईला पक्कं माहीत होतं. उत्तर तयार होतं.

आईनं ते विचारलंच नाही.

"बोललात छान," ती म्हणाली. "पण तुम्ही विद्यार्थी, धडधाकट. यात तुमचं काय?"

साधा प्रश्न. कुठलीही समिती पहिला हाच विचारील. इतक्या तालमी झाल्या, पण ऑफिसात कुणाच्याच डोक्यात तो आला नव्हता, कारण त्या दोन खोल्यांत कुणाचं काय, हे प्रत्येकाला माहीत होतं. वकीलबाईकडे एकच उत्तर होतं.

"अध्यक्ष महोदया," ती म्हणाली, "उद्या मी आजारी पडले तर माझ्याजवळ माझी आई असेलच. पण तिच्या शेजारी आणखी एकीला बसू द्यावं, असं मला वाटतं."

"कोणाला?"

"गुंडीला."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग उठली. "सभा तहकूब," असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला. धुवायला तिथे काहीही नव्हतं, भांडी सकाळीच झाली होती. वकीलबाई जागची हलली नाही. रडू आलं होतं, ते तिनं पदवीधर होऊ घातलेल्या बाईला शोभेल असं बाहीला पुसलं.

आई परत आली ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. डोळे लाल होते.

"पुढचा प्रश्न. हे आईला आधी का नाही सांगितलं?"

"कारण... कारण आई विरोधी बाजूला होती."

"तिला तिथे बसवलं कोणी?"

वकीलबाईला ऑफिसातली ती आखूड पायाची खुर्ची आठवली आणि त्यात कमरेवर मूठ ठेवून बसलेली ती स्वतः. टाळ्या घेणारी. आईला एकदाही न विचारता आईची सगळी उत्तरं तिनं परस्पर देऊन टाकली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी," ती म्हणाली.

"मला हे पटलंय असं समजू नकोस," आई म्हणाली. "रात्री झोप लागणार नाही मला. चार लोक काय म्हणतील तेही येतंय डोक्यात, खोटं कशाला बोलू? पण पटत नाही म्हणून मी तुला दाराबाहेर ठेवीन, हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

वकीलबाईनं फोन उचलून ताईला लावला, कारण आता तेही राहून चालणार नव्हतं. "ताई, मी खोटं बोलले होते. घरी माहीत नव्हतं. आत्ता सांगितलं."

"आणि आई?" ताईनं हळूच विचारलं.

आईनं हात पुढे केला. "दे इकडे." तिनं फोन कानाला लावला, घसा साफ केला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला प्रश्न तिच्या तोंडून फार अवघडून बाहेर आला.

"नमस्कार. मी हिची आई बोलतेय. उद्या तिथे... मला आत बसू देतील का?"