बाबलीच्या घरची खूण

हे सांगितलं तर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोचा माझ्यावर जन्मात बसला नाही, तरी आमचा संसार झालाच. परवा दुपारी अस्लमच्या चहाच्या टपरीवर मी हीच गोष्ट सांगायला बसलो, तेव्हाही सुरुवात अशीच केली होती. अस्लम चहा गाळता गाळता म्हणाला, "तात्यानु, तुमी सुरू करा. विश्वासाचा मगे बघू."

गोष्ट एका हाताची आहे. हात अनुजाचा, उजवा. कोपराखाली, आतल्या बाजूला, होडीचा नांगर गोंदलेला आणि त्याच्या खाली तीन ठिपके. अनुजा पोलिसात शिपाई आहे, इथे तोंडवलीच्या बाजूच्या चौकीत, आणि गस्तीच्या बोटीवरही जाते. वर्दीची बाही कोपराच्या वर संपते, तेव्हा हा नांगर साऱ्या गावाला दिसतो.

तो हौसेचा नाही. बाबलीच्या घरची रीतच तशी. जाळ्याच्या बोयांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या ठोकळ्यांवर, जी घरची खूण कोरायची, तीच दर्यावर जाणाऱ्याच्या हातावर गोंदायची. दर्या माणसाला नेतो, कधीकधी परतही देतो, पण तोंड ओळखीचं ठेवत नाही. बाबली म्हणजे अनुजाचा बाप. वादळात बुडून गेला तो थेट विजयदुर्गाला लागला. तिथल्या लोकांनी हात पाहिला आणि इकडे निरोप आला, "तोंडवलीच्या नांगरवाल्यांचो माणूस आमच्याकडे इलो आसा." बाबली घरी आला तो असा. पुढे पोरीला बोटीवरची ड्यूटी लागली, तेव्हा आजी सुभद्रा तिला म्हणाली, "खूण घेतल्याबिगर तू बोटीर पाय ठेवचं नाय." आणि स्वतःच सुया घेऊन बसली.

सुभद्रेच्या हाताबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तीन सुया एकत्र बांधायच्या, काजळीत कसल्याशा पाल्याचा रस घालायचा, आणि तिने गोंदलेलं जिवंत व्हायचं. देवगडच्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, पाठीवर तिने कुर्ली, म्हणजे खेकडी, गोंदली होती. अमावास्या जवळ आली की ती कुर्ली भरायची आणि तांडेलाला पाठ जड लागायची. पुनवेला पुन्हा पोकळ.

"मगे तेच्या बायलेन एकदा तरी सार केल्यान आसतला," अस्लम म्हणाला.

"खोबऱ्याचा वाटप काढून तयार ठेवलेल्यान. ता बघून तांडेल मुंबयक पळालो."

असो. पोलीस ठाण्यात नवे साहेब आले आणि आमच्या चौकीच्या तपासणीला त्यांची फेरी झाली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. अनुजाने सलाम ठोकला आणि साहेबांची नजर हातावर थांबली.

"हे काय आहे?"

"घरची खूण आहे, साहेब."

"वर्दी सगळ्यांची असते. घर तुझं एकटीचं. दोन्ही एकाच हातावर कशी चालतील?"

"साहेब, माझ्या वडिलांना याच खुणेवरून घरी आणलं."

साहेबांनी तपासणीची वही मिटली. मग म्हणाले, "बोटीवर तुला ती हवी, हे मला समजतं. पण चौकीत टेबलापलीकडे तक्रार घेऊन जो बसतो, त्याला ती कशाला दिसायला हवी?"

"त्याला हवालदारांच्या कपाळावरचं गंध दिसतं, साहेब. तुमच्या मनगटावरचा दोरा दिसतो."

साहेबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. रागावले नाहीत. दोराही सोडला नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "कोल्हापूरला जाऊन लेसरने काढून घे, नाहीतर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. दोन्ही नको असेल तर बोटीवरून उतर आणि ठाण्यात टपाल सांभाळ. पुढच्या फेरीला मला सांग काय ठरवलंस."

आता तुम्ही म्हणाल, बाही लांब करायची त्यात एवढं काय. अनुजालाही ते कळत होतं. पण सुभद्रेने ऐकलं आणि म्हणाली, "झाकूक ती काय खरूज आसा?" आणि अनुजाच्याही मनात तेच होतं. जी खूण बापाला घरी घेऊन आली, ती लपवायची म्हणजे बापाचीच लाज धरल्यासारखं. दुसऱ्या बाजूला बोट. लहानपणापासून तिला त्या बोटीशिवाय दुसरं काही नको होतं. बाप जिथे गेला तिथे गस्त घालायची, हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण न बोललेलं आमच्या गावात आधी कळतं.

गावाने बाजू घेतल्या. अस्लम तिच्या बाजूचा.

"आज गोंदण काढ म्हणतत, उद्या माजी दाढी काढ म्हणतीत."

"तू खंय पोलिसात आसस?" मी विचारलं.

"म्हणान तर नाय गेलंय," तो म्हणाला. "आणि तात्यानु, अंगार कायच नाय असो पोलीस बघलास कधी? बोलण्यार कळता खंयचो तो, आडनावार कळता कोणाचो तो. मगे एकटो नांगर कशाक डोळ्यांत खुपता?"

मुद्दा बिनतोड होता. पण दुसरी बाजू बोलायची की, बाबा, आडनाव बदलता येत नाही, बाही ओढता येते. जेवढं ओढता येतं तेवढं तरी ओढावं.  मी दोन्हीकडून बोलत राहिलो. चहा ज्याने पाजला त्याच्याकडून जरा जास्त.

आणि मग नसीमाचं जाळं कापलं गेलं.

त्या दिवशी मी स्वतः चौकीच्या ओट्यावर होतो. शेजारच्या मांजराने माझे सुके बांगडे नेले होते, त्याची फिर्याद द्यायला. हवालदार मला मांजराचं पूर्ण नाव विचारत होते. तेवढ्यात नसीमा आली, काखेत ओलं जाळं. नसीमा मासे विकते. तिचा नवरा खालिद कंबर धरून अंथरुणाला खिळला, तेव्हापासून खाडीत जाळं ती आणि तिचा दीर टाकतात. अनुजाने तिला खुर्ची दिली, समोर कागद घेतला.

"सांगा, भाभी."

"उजाडूक नव्हता. एक होडी इली आमच्या जाळ्यार. तोंड दिसूक नाय. दिरान बॅटरी मारल्यान तेवा हात दिसलो. कोयतो धरलेलो. आणि हातार..."

बोलता बोलता तिला धाप लागली, म्हणून अनुजाने पाण्याचा पेला तिच्यापुढे केला. हात उलटा झाला, नांगर वर आला. नसीमा त्या हाताकडे बघतच राहिली.

"हातार काय, भाभी?"

"काय नाय."

"तुमी आताच बोललास मा?"

"काळोख होतो. माका नीट दिसूक नाय. मोठ्या माशान फाडल्यान आसतला."

जाळं माझ्या पायांशी पडलं होतं. विळीवर कापल्यासारखा सरळ काप. कोणत्या माशाला कोयता धरता येतो हे मलाही ठाऊक नाही, आणि मला पुष्कळ काही ठाऊक असतं. नसीमाने पाणी न पिता जाळं गोळा केलं आणि ती निघून गेली.

आता ऐका. ती खूण आज दोनच जित्या हातांवर आहे. एक अनुजाचा. दुसरा तिच्या चुलतभावाचा, प्रीतमचा. खाडीत जाळं टाकायच्या त्याच जागेवरून प्रीतमचं आणि खालिदचं जुनं वाकडं. नांगर पाहिल्यावर चौकीत कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

अनुजा पेन हातात धरून तशीच बसली होती. मग ओट्यावर आली.

"तात्यानु, तुमी बघलास?"

"काय ता?"

"ती माका भियाली."

"तुका नाय गो. प्रीतमाक भियाली."

"तिका काय फरक? हात तोच मा."

 पण तिला काय सांगणार? जो हात विजयदुर्गाच्या लोकांनी ओळखला म्हणून हिचा बाप घरी आला, तोच हात ओळखून एक बाई आल्या पावली परत गेली. खूण तिचं काम चोख करत होती. ओळख द्यायची एवढंच तिला ठाऊक. ती कोणाला हवी आणि कोणाला नको, हे नांगराला कुठून कळणार? आणि हात झाकला म्हणून प्रीतम काही चुलतभाव व्हायचा थांबत नव्हता. उघडा ठेवला तर निदान लपवाछपवी नाही. हेही खरं, तेही खरं. अनुजाने माझ्याकडे उत्तर मागितलं नाही, हे तिचे उपकार. ती आत गेली आणि दार ओढून घेतलं.

इथवर मी टपरीत सांगत आलो होतो. अस्लमचा चहा उतू गेला तरी त्याला पत्ता नाही. आणि नेमकी त्याच वेळी खुद्द नसीमा रस्त्याने आली. माशांची पाटी उतरवून कडेच्या बाकावर बसली. अस्लमने भानावर येऊन तिला चहा दिला.

दुसरा कोणी असता तर त्याने गोष्ट तिथेच आवरली असती. पण गोष्टीतलं माणूस समोर बसलेलं असलं की ऐकणाऱ्याला सगळंच खरं वाटतं, हा माझा अनुभव आहे. शिवाय नसीमा चारचौघांत कधी बोलत नाही. मी आवाज थोडा चढवला.

म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. अनुजा उघड्या हाताने उभी. साहेब म्हणाले, काय ठरवलंस? ती बोलायच्या आत नसीमा दारात. सरळ आत आली, अनुजाचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "सायबानु, ह्यो हात झाकू नकात. ह्या खुणेच्या एका हातान माजा जाळा कापल्यान, दुसरो हात माका न्याय देतलो. खूण उगडी आसा म्हणान माका कळला, कोणावर विश्वास ठेवचो." साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी आपल्या मनगटावरचा दोरा सोडला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, राहू दे तुझा नांगर. सगळ्या चौकीने सलाम ठोकला. ओट्यावरच्या मांजरानेसुद्धा.

"वा, तात्यानु," अस्लम म्हणाला आणि खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसायला लागला.

"खोटा," नसीमा म्हणाली.

कपातून तोंडही वर न काढता म्हणाली. मी म्हटलं, "मांजराचा जरा वाढवलंय..."

"मांजराचा मी काय सांगत नाय. मी तसा बोललंयच नाय. तिच्या हाताक हात लावलंय नाय आणि त्या दिसा परत चौकीत पण गेलंय नाय. अनुजाबाय सांजेक माज्या दारार इली, पुऱ्या बाह्यांचो शर्ट घालून. सोबतीक हवालदार. लिवूक तेका बसवल्यान आणि आपण पायरीर बसली, आमच्याकडे पाठ करून. मगे मी प्रीतमाचा नाव सांगलंय."

"म्हणजे सायबाचाच बरोबर?" अस्लमने विचारलं.

"सायबाचा माका म्हायत नाय. ती उगडो हात घेवन इली आसती तर मी दार उगडूक नसतंय." नसीमाने कप खाली ठेवला आणि पाटी डोक्यावर घेतली. "बाय बरी आसा. पण तो हात मी काळोखात बघलंय."