माझ्या पोटातला बॉम्ब

मित्रांनो, मी एक जुने बॉम्ब टाकणारे विमान आहे. भिऊ नका. हल्ली मी जालन्याच्या धावपट्टीवर राहते आणि रविवारी सहा-सहा माणसांना आभाळात फिरवून आणते. वय ऐंशीच्या पुढे गेले, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म मोठ्या लढाईच्या काळात, सातासमुद्रापार झाला. पोट भरून निघायचे आणि रिकामे होऊन परतायचे, एवढेच माझे काम. खाली काय होई ते मला कुणी सांगितले नाही. मीही विचारले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे मला भारतात आणले, आणि इथेच माझी गरज सरली. लिलावात जालन्याच्या जेठमल शेठजींनी मला भंगाराच्या ढिगाबरोबर उचलले. भंगार वितळवून सळया करायची त्यांची मिल होती. तिथला नियम कडक: बंद वस्तू आत बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, कारण आत काही राहिले तर भट्टीच उडायची. मिलमधला कामगार भागवत कटर घेऊन आला, त्याने माझ्या पोटावर हातोडी मारली आणि तो चार पावले मागे सरला. पोटाची झडप गंजून घट्ट बसली होती.

"शेठजी, लढाईचा माल हाय ह्यो. आत बॉम्ब राह्यला आसंल तं? मी न्हाई कापणार."

शेठजी म्हणाले, "बिलकुल हात लावू नको. राहू दे तिकडं."

तशी मी कुंपणाकडेला पडून राहिले. माझ्या जवळ कुणी फिरकत नसे. फक्त भंगार निवडणारी उषाबाई यायची. माझ्या पोटाखाली दाट सावली पडे. तिथे चाकाच्या दांड्याला झोळी बांधून ती आपल्या तान्ह्या दैवशालाला निजवायची. बाया ओरडत, "अगं, बॉम्बखाली लेकरू टाकून राह्यलीस!" उषाबाई नुसती हसायची. खरे सांगते, त्या पोरीच्या रडण्याने माझा जीव रमायचा.

वर्षे गेली. शेठजी गेले, उषाबाईचे केस पिकले. मिलमध्ये माझ्या जागेवर नवी शेड बांधायचे ठरले. शेठजींचा नातू नमन म्हणाला, हिला दुरुस्त करून लोकांना फिरवू. पण बॉम्बच्या धास्तीने मेकॅनिक जवळ येईनात. शेवटी त्याच्या काकांनी सांगितले, सोमवारपर्यंत पोट उघडले नाही तर आहे तशी खड्ड्यात पुरून टाकायची. खड्डा खणूनही झाला. मला फार भीती वाटली.

रविवारी उषाबाई आली. चाकाच्या वरून माझ्या पोटात जाणाऱ्या फटीत तिने खांद्यापर्यंत हात घातला आणि एक चिंधीची बाहुली, एक खुळखुळा आणि भाकरीचे फडके बाहेर काढून नमनच्या हातात ठेवले.

"बॉम्ब न्हाई अन् काई न्हाई. पैल्याच साली ह्या फटीतनं आत शिरून बघितल्तं मी."

"मंग सांगितलं का न्हाई, मावशी?"

"सांगितलं अस्तं तं तुमच्या आज्यानं कापून टाकलं अस्तं. मंग माझी लेक उन्हात कुठं निजवायची?"

नमनने खुळखुळा हलवून बघितला. मग त्याने खड्डा बुजवायला सांगितले.

माझ्या दुरुस्तीला नऊ वर्षे लागली. जिथे बॉम्ब टांगत, तिथे आता सहा खुर्च्या आहेत. पहिल्या फेरीला नमनने पहिली खुर्ची उषाबाईला आणि शेजारची दैवशालाला दिली. उषाबाईने चपला शिडीखालीच काढल्या आणि अनवाणी आत आली. बदनापूरचे रेल्वेचे रूळ खाली दिसू लागले तेव्हा तिने माझ्या भिंतीवर हात ठेवला. दैवशाला तर इंजिनांच्या घरघरीत चक्क झोपी गेली, पन्नाशीची बाई! आम्ही उतरलो तेव्हा त्या चपला होत्या तिथेच होत्या.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिच्या सावलीत कोण बसते, तेवढे बघा. उभ्या तारुण्यात मी भरून निघाले आणि रिकामी परतले. आता जितकी माणसे घेऊन उडते, तितकीच घेऊन खाली येते.