केशरी बलक

रंगारी एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकेल तर शपथ! पस्तीस वर्षं त्याने रंगाच्या दुकानात डबे मिसळले. गिऱ्हाइकाने पडद्याची चिंधी दाखवायचा अवकाश, हा एक डोळा बारीक करून तस्साच रंग काढून द्यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या अंगणात आठ कोंबड्या पाळल्या, त्या दोन वर्षांच्या नातीसाठी. मुलगा जहाजावर, सून कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला, त्यामुळे पोर दिवसभर याच्याच हवाली. नात म्हणजे त्याचा जीव की प्राण. "बाजारातली अंडी माझ्या नातीच्या तोंडाला लागायची नाहीत. घरचं ते घरचं," असं त्याने ठणकावून सांगितलं होतं.

आणि त्या घरच्या कोंबड्या खायच्या काय? तर कोपऱ्यावरच्या बेकरीतला पावाचा चुरा. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. मांजराच्या धास्तीने खुराड्यावर पत्रा ठोकलेला, म्हणजे उन्हाचीही बोंब. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की हातात घेताच पिचकायची. "हात हलका हवा," हे वर शहाणपण!

एके सकाळी सुनेने अंडं फोडलं.

"बाबा, बलक अगदी पांढराफटक पडलाय हो. खाद्य बदलून बघा ना. दुकानात चांगलं मिळतं."

दुकान बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि याचे गुडघे कुरकुरणारे. शिवाय सुनेने शिकवावं आणि सासऱ्याने शिकावं, हे त्याच्या पचनी पडणारं नव्हतं. बलक फिका आहे ना? मग रंग आणणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! त्याने चुऱ्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि लाल तिखट कालवायला घेतलं. रोज एक अंडं फोडून बघायचं, चिमूट वाढवायची, चिमूट कमी करायची. तीन आठवड्यांत असा झकास केशरी बलक उतरला की गडी स्वतःवरच खूश झाला.

"आणलं बरं का तुझं ते दुकानातलं खाद्य," त्याने सुनेला सांगितलं.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" ती केवढी हरखली.

चार-पाच महिन्यांत पोरीचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकले. उभी केली की रडून खाली बसायची. सासरा-सून दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पायांचा एक्स-रे फोटो उजेडात धरला.

"हाडं मऊ पडलीत. खाते काय ही?"

"रोज दोन अंडी. घरची," रंगारी छाती फुगवून म्हणाला.

"आणि कोंबड्या काय खातात?"

"आधी पावाचा चुरा खायच्या," सून म्हणाली. "पण बाबांनी चांगलं खाद्य आणल्यापासून बलक कसा केशरी झालाय! म्हणून तर मी हिला रात्री द्यायचे ते हाडांचे, ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद केले. म्हटलं, आता अंड्यातूनच मिळतंय सगळं."

थेंब बंद केल्याचं रंगाऱ्याला ठाऊकच नव्हतं. नात त्याच्या मांडीवर बसून त्याच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होती.

"खाद्य आणलंच नाही," तो म्हणाला. "चुराच होता. मी त्यात रंगासाठी झेंडू घालत होतो. आणि तिखट."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. "आजोबा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रंगाने काय हाडं भरतात?" मग त्या औषध लिहू लागल्या. थेंब पुन्हा सुरू करायचे होते. पाय सरळ होतीलही, पण वेळ लागेल, म्हणाल्या.

सून ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसती पोर त्याच्या मांडीवरून उचलली. पोरीने गुंडी सोडली नाही, तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवली.

"उद्यापासून हिला मी शेजारच्या मावशींकडे ठेवीन, बाबा," ती म्हणाली.