साडीखालची हरकत

"पदराला लागली ना हळद मेली! आता हा डाग काय जातोय? साबण लावला की आणखीनच..."

मागच्या बाईचं पुटपुटणं तिथंच थांबलं. शेवंतीने मान वळवली नाही, पण कान मागेच ठेवले. पुढचा शब्द काही आला नाही. आला तो एकदम लांबलचक "जय माते!"

रविवार असल्यामुळे ठाकुर्लीच्या त्या चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डोंबिवलीहून लोक आलेले, कल्याणहून आलेले. एक बाई तर थेट ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून आलेली आणि आमच्या नवरात्रातल्या देवीपुढे ही फारच साधी आहे हो, असं दर्शनाच्या रांगेतच सांगत होती. सगळ्यांच्या नजरा मात्र एकाच जागी. अंगणाच्या मधोमध उभी असलेली जुनी चिंच. तिच्या बुंध्याला हळदीत भिजवलेलं पिवळंधमक पातळ नेसवलेलं, आणि त्या पिवळ्यावर जागोजागी उमटलेले लाल ठिपके.

देवीला कुंकवाचा घाम येत होता.

"का येतो घाम?" उत्तमबुवा माईकवरून विचारत होते आणि उत्तरही स्वतःच देत होते. "दमलीय माझी माय! कुणामुळे दमलीय? तुमच्या कुरकुरीमुळे! नळाला पाणी नाही, कर कुरकुर. गटार तुंबलं, दे अर्ज. अर्जावरची शाई देवीला झोंबते, शाई! म्हणून सांगतो, सात दिवस अर्ज नाही, सही नाही, तक्रार नाही. आणि पातळाला हात तर अजिबात नाही. आठव्या दिवशी माय आपल्या पायांनी उठून भाऊंनी बांधलेल्या नव्या देवळात जाईल. मग ही चिंच काय? नुसतं लाकूड!"

एवढं बोलून बुवांनी तांब्यातलं सात तीर्थांचं पाणी पातळावर शिंपडलं. बघता बघता पिवळ्यावर लाल थेंब फुटले. गर्दीतून एक हुंकार उठला. दोन बायकांनी गालांवर हात मारून घेतले.

शेवंतीने आपले हात पदराआड नेले. सहा दिवस झाले तरी तिच्या तळहातांचा पिवळेपणा गेला नव्हता. हे पातळ तिनेच आपल्या बादलीत भिजवून चिंचेला नेसवलेलं. बिल्डर भाऊ स्वतः दारात येऊन म्हणालेले, "वहिनी, बुवा म्हणतात लेकुरवाळीचे हात पाहिजेत. तुमच्यासारखी लेकुरवाळी चाळीत कोण आहे?"

ते खरंच होतं म्हणा. शेवंतीला स्वतःचं मूल नव्हतं, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात तिच्याकडे नऊ पोरं असत. पाळणाघर म्हणायला दहा बाय बाराची खोली, आणि खरं पाळणाघर म्हणजे ही चिंच. तिच्या सावलीत सतरंजी पडायची, फांदीला दोन झोळ्या टांगायच्या, खालची कच्ची चिंच खाऊन पोरं खोकायची आणि त्यांच्या आया शेवंतीला ओरडायच्या. ह्या मंगळवारपासून झोळ्या उतरल्या होत्या. देवीच्या अंगाला झोळी कशी टांगणार?

चाळीच्या मागे भाऊंचा बावीस मजली टॉवर उभा राहत होता. त्याला मोठ्या रस्त्यापर्यंत जायला वाट नव्हती. वाट हवी तर ती ह्याच अंगणातून, चिंचेच्या जागेवरून आणि शेवंतीच्या उंबऱ्याला घासून जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण बोलत कुणी नव्हतं. चाळीतल्या निम्म्या घरांत भाऊंच्या शिफारशीने कुणी ना कुणी कामाला लागलेलं. शेवंतीचा नवरा रवींद्र भाऊंचाच टँकर चालवायचा. जोडरस्त्याचा विषय निघाला की चाळीतल्या बायका एकदम भाजीच्या भावावर यायच्या. शेवंतीही यायची. कुणी काही मागितलं, कुणी काही लादलं की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "काही हरकत नाही."

रविवारी पाळणाघर बंद असे. पण संचिताची आई जागृती ठाण्याच्या एका इस्पितळात नर्स होती आणि आज तिची ड्यूटी होती, म्हणून सहा वर्षांची संचिता शेवंतीच्या मागेमागे होती. दुपारी गर्दी पांगली, बुवा भाऊंच्या ऑफिसात एसीला जाऊन आडवे झाले, आणि पोरगी गायब.

"संचे! अगं ए संचे!"

"भो!" आवाज देवीच्या पोटातून आला.

शेवंती चिंचेकडे धावली. पातळाच्या निऱ्या हलल्या आणि आतून हळदीने माखलेलं एक नाक बाहेर आलं.

"मावशी, देवीच्या आत कागद आहे."

"गप! बाहेर ये आधी."

"चिकटवलाय. मी वाचलापण. ह... र... क... त. हरकत. मावशी, तू रोज म्हणतेस ना, हरकत नाही? त्यातलीच का गं ही?"

शेवंतीला एकदम सोमवारची दुपार आठवली. डिंकाचा डबा घेऊन एक माणूस आलेला. तिच्याकडे पाणी मागून प्यायलेला. क्लासची जाहिरात लावत असेल, असं वाटून तिने लक्षच दिलं नव्हतं, पुढे पातळ नेसवतानाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेत देवी आली.

तिने इकडेतिकडे बघितलं, देवीला मनोमन हात जोडले, आणि मोबाईलची बॅटरी लावून हात निऱ्यांच्या आत घातला. देवीच्या साडीत मोबाईल घालणारी ती बहुधा ठाकुर्लीतली पहिलीच बाई. तीन फोटो हलले, चौथा नीट आला.

तो फोटो घेऊन ती चाळीच्या मागच्या रांगेत रचनाकडे गेली. रचना महापालिकेच्या शाळेत शिकवायची. तिच्या घरात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. हे देवीचं सुरू झाल्यापासून ती अंगणात फिरकलीच नव्हती. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"जाहीर सूचना. जोडरस्त्याच्या कामात बाधित होणारा चिंचेचा एक वृक्ष तोडण्याबाबत अर्ज प्राप्त झाला आहे. कोणाची हरकत अथवा सूचना असल्यास ती सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात द्यावी..." रचना थांबली. तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "गेला सोमवार. म्हणजे उद्या संध्याकाळी मुदत संपली."

"बुवांचे सात दिवसपण उद्याच संपतात."

शेवंतीने बोटांवर मोजून पाहिलं.

"सही नाही, अर्ज नाही, पातळाला हात नाही," रचना हळू म्हणाली. "किती हुशार आहे गं तुमची देवी. सरकारी मुदत पाळते."

"पण आपल्याला कोण विचारतंय, रचना? भाऊंनी ठरवलं म्हणजे झालं."

"हा कागद म्हणजेच विचारणं. विचारल्याशिवाय तोडता येत नाही, म्हणून तर त्या माणसाने येऊन चिकटवला. साध्या कागदावर लिहायचं, झाड का हवं ते. नाव, पत्ता, सही. दोन प्रती करायच्या. एक प्रभाग कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का मारून परत घ्यायची. मग त्यांना येऊन बघावं लागतं, म्हणणं ऐकावं लागतं."

"वाचेल झाड?"

"तसं मी सांगणार नाही. रस्ता दुसरीकडून वळतो का, हे निदान तपासावं लागेल. पण आपण गप्प बसलो तर फायलीत काय लिहितील ठाऊक आहे? कोणाचीही हरकत प्राप्त झाली नाही. म्हणजे तू जे रोज बोलतेस तेच, फक्त शिक्क्यासकट."

शेवंतीला हसू आलं नाही. "मग तूच सांग ना सगळ्यांना. तू टीचर आहेस, तुझं ऐकतील."

"मी साडीला हात लावला तर काय होईल, तुला कळतंय ना? ह्यांना आमची देवी बघवत नाही, असं म्हणतील. झाड राहील बाजूला आणि दोन रांगांत भांडण लागेल. भाऊंना तेच हवंय." रचनाने चष्मा काढून पुसला. "मी अर्ज लिहून ठेवते. हात तुझाच लागेल, शेवंती. नेसवणारा हातपण तुझाच होता."

संध्याकाळी शेवंतीने हात धुवायला साबण घेतला. फेस लाल झाला. गेले सहा दिवस रोज होत होता, आणि ती रोज नळ मोठा करून तो पटकन वाहून लावत होती. आज ती बघत उभी राहिली. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हे तिला नव्याने का कळायला हवं होतं? तिच्या आईला माहीत होतं, सासूला माहीत होतं, चाळीत कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. लाल ठिपके सगळ्यांनीच ओळखलेले. म्हणून तर रांगेतली ती बाई अर्ध्यातच गप्प झाली!

रवींद्र जेवताना म्हणाला, "तुझं काहीतरी चाललंय." तिने फोटो दाखवला. ते वाचून म्हणाला, "अगं, टँकरची चावी भाऊंच्या खिशात असते." मग भात न संपवताच उठला. इकडे खोली, तिकडे चावी, मधे नऊ पोरं.

सोमवारी सकाळी नऊची आरती. भाऊ पांढऱ्या कपड्यांत पुढे उभे, बुवा तांब्या घेऊन तयार. शेवटचा दिवस म्हणून चाळ झाडून सगळी हजर. रचनाची शाळा दुपारची. ती आपल्या दारात उभी होती, हातात कागदांचा गठ्ठा.

"माय निघायच्या तयारीत आहे!" बुवांनी पाणी शिंपडलं. लाल थेंब फुटले. "बघा, बघा, निरोपाचा घाम!"

"बुवा, एक विचारू?" शेवंती पुढे झाली. "देवीला घाम आलाय तर पुसायला नको का?"

बुवा काही म्हणायच्या आत तिने त्यांच्याच पूजेच्या ताटातलं कापलेलं लिंबू उचललं आणि एका लाल ठिपक्यावर पिळलं. ठिपका पिवळा झाला. दुसऱ्यावर पिळलं. तोही पिवळा.

"घाम गेला!" संचिता टाळ्या पिटत ओरडली.

"माया आहे मायची!" बुवा गडबडले. "लिंबू देवीला प्रिय..."

"आणि साबण?" शेवंतीने कमरेला खोचलेली पातळाची उरलेली चिंधी काढली, ओली केली, त्यावर धुण्याची वडी घासली. चिंधी लालभडक. तिने ती बायकांपुढे धरली. "ओळखता ना? सांगा की. लग्नातल्या हळदीचे कपडे कुणी धुतले नाहीत?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग ती कालची पदरवाली बाई म्हणाली, "मी कालच म्हणणार होते..."

"हळदीला साबण लागो, सोडा लागो, चुना लागो, ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. तांब्यात सात तीर्थं नाहीत, चुन्याची निवळी आहे. बुवा, तुमची तंबाखूची डबी बघूनच मला कळायला हवं होतं."

बुवांनी तांब्या पाठीमागे नेला. तेवढ्यानेच अर्ध्या चाळीला समजलं.

"साडी मी नेसवली, मीच बाजूला करते," शेवंती म्हणाली. तिने निऱ्या हलक्या हाताने सोडल्या, आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशा. आत देवी नव्हती, जखम नव्हती. चिंचेची खरखरीत साल होती आणि तिच्यावर डिंकाने चिकटवलेला, हळदीने पिवळा पडलेला कागद. तिने तो वाचून दाखवला, तारखेसकट. मुदत आज संध्याकाळी संपते, हे दोनदा वाचलं.



"बायांनो," ती म्हणाली, "देवीला मानायचं तर माना, मीपण हात जोडते. पण जी देवी आपल्याला वाचू नको, सही करू नको, विचारू नको म्हणते, तिच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतंय, एवढं तरी ओळखा. चमत्कार दिसला की आधी तो कशाने झाला ते बघा. आणि मग बघा, तो कुणाच्या उपयोगाचा आहे. आपलं काय करायचं, हे महापालिका आपल्याला विचारत होती. सात दिवस आपण त्या प्रश्नालाच हळद लावत बसलो."

भाऊ इतका वेळ हसत होते. अजूनही हसतच म्हणाले, "झालं, वहिनी? रवींद्रला विचारून बोललात ना?" त्यांनी गर्दीत रवींद्रकडे बघितलं. रवींद्रने मान खाली घातली. "आपण घरचीच माणसं. महापालिकेने विचारलं, मीपण विचारतो. सगळ्यांसमक्ष. आहे कुणाची हरकत?"

कुणी साडीच्या डागाकडे बघू लागलं, कुणी मोबाईलकडे. कालची पदरवाली बाई मागे सरकली. आरतीच्या ताटातला कापूर विझून गेला. रचना दारातून एकच पाऊल पुढे आली आणि थांबली. कागद तिच्या हातात, पेन वरच्या पानावर ठेवलेलं.

शेवंतीने रवींद्रकडे बघितलं. त्याने मान वर केली नव्हती, पण नकारार्थी हलवलीही नव्हती. तिच्या साडीला संचिता लटकली होती, मान वर करून तोंडाकडे बघत. जन्मभराची सवय जिभेवर आली होती. नेहमीचे तीन शब्द. त्यातला शेवटचा तिने गिळला.

"आहे," शेवंती म्हणाली. "माझी हरकत आहे."